हायड्रॉक्साइड रूपातलं मेम्ब्रेन कधीही सुकवू नकोस

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू खानापूर तालुक्यातली, बेळगावात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतेस. अल्कलाइन फ्युएल सेलसाठी (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणारा सेल) मेम्ब्रेन, म्हणजे आयन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा, बनवायचं म्हणून पीपीओ, म्हणजे पॉलिफिनिलीन ऑक्साइड घेतलंस, त्याचं ब्रोमिनेशन केलंस, एनएमपी या द्रावकात विरघळवून फिल्म टाकलीस आणि ती ट्रायमिथाइल अमाइनमध्ये बुडवून क्वाटर्नरी अमोनियमचे, म्हणजे नायट्रोजनवर धनभार असलेले गट बसवलेस. पहिल्या दिवशी ८० अंशाला कंडक्टिव्हिटी ७० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आली. मग पट्ट्या एक मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) ८० अंशाला ठेवल्यास. पंधरा दिवसांत आकडा निम्म्याच्या खाली गेला, रंग चहासारखा झाला आणि पट्टी दुमडताच मोडली. गाइड म्हणतात आयईसी वाढव, म्हणजे एका ग्रॅम पॉलिमरवर असे गट जास्त बसव. तू विचारतेस, "काका, वाढवू का, की पॉलिमरच बदलू?"

आयईसी वाढवू नकोस. पॉलिमरचं नंतर बघू. तुझ्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे: "दर तीन दिवसांनी पट्टी काढून, धुऊन, ६० अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर सुकवते आणि वजन घेते." इथेच घोडं पेंड खातंय.

मला एक सांग, सकाळी ओव्हनचं दार उघडल्यावर वास येतो का? सुक्या मासळीचा? मी पुण्यात नवीन असताना हीच चूक केली होती. हायड्रॉक्साइड रूपातली, म्हणजे धन गटांशेजारी हायड्रॉक्साइड आयन बसलेली सहा मेम्ब्रेन्स व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली, कारण पाणी किती शोषतं ते काढायला कोरडं वजन हवं होतं. सकाळी दार उघडलं तर सुक्या बांगड्याचा वास नाकात बसला. क्षणभर वाटलं, कोणी डबा विसरलंय. तो ट्रायमिथाइल अमाइनचा वास होता. जे गट बसवायला मी आठवडा घालवला होता, तेच गट तुटून वायू होऊन ओव्हनमध्ये भरले होते. त्या पट्ट्यांची कंडक्टिव्हिटी पुन्हा कधीच आली नाही. दोन महिने मी पॉलिमरला दोष देत राहिलो. त्या वासाचा अर्थ मला वरिष्ठांनी समजावला, तोपर्यंत निम्मं वर्ष गेलं होतं. तुझं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

मेम्ब्रेनमध्ये काय चालतं ते आधी बघ. कॅथोडवर ऑक्सिजन पाणी घेतो आणि चार इलेक्ट्रॉनांमागे चार हायड्रॉक्साइड तयार होतात. ते मेम्ब्रेनमधून ॲनोडकडे जातात, हायड्रोजनशी मिळतात आणि पाणी होतं. हिशेब असा की ॲनोडवर चार पाणी बनतात आणि कॅथोडवर दोन खर्च होतात. हे विसरू नकोस, पुढे सगळं याच्यावरच येणार आहे. आम्लाऐवजी अल्कली घेण्याचं कारण एवढंच की नाफिऑनसारख्या आम्लधर्मी मेम्ब्रेनबरोबर प्लॅटिनम जवळजवळ लागतंच. अल्कलीत मात्र निकेल, चांदी, कोबाल्ट, लोखंड यांवर भागवायची आशा असते. जुन्या अल्कलाइन सेलमध्ये मेम्ब्रेन नव्हतं, केओएचचं द्रावणच होतं. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन यांनी तो विकसित केला आणि अपोलो यानांत त्याच जातीचे सेल वापरले गेले. तिथे शुद्ध हायड्रोजन आणि शुद्ध ऑक्सिजन होता. जमिनीवर हवा वापरायची म्हटली की कार्बन डायऑक्साइड येतो, पोटॅशियम कार्बोनेटचे खडे बसतात आणि इलेक्ट्रोडची छिद्रं बुजतात. घन मेम्ब्रेनमध्ये धन आयन पॉलिमरलाच बांधलेला असतो, त्यामुळे खडे बनायला मोकळा पोटॅशियम उरत नाही. म्हणून आपण एवढी खटपट करतो.

आता त्या धन आयनाची गोष्ट. तुझ्या पीपीओवर नायट्रोजन बेन्झिल कार्बनला, म्हणजे बेन्झिनच्या कड्याला जोडलेल्या कार्बनला लटकलेला आहे. हायड्रॉक्साइड येतो, त्या बेन्झिल कार्बनवर किंवा मिथाइलवर मागून हल्ला करतो आणि अमाइन सुटतो. हा हल्ला किती जोरात होतो, हे हायड्रॉक्साइडभोवती पाणी किती आहे यावर ठरतं. हायड्रॉक्साइड पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असला, तर त्याचा ऋणभार हायड्रोजन बंधांत गुंतलेला राहतो आणि त्याची धार बोथट होते. पाणी काढून घेतलंस की तोच हायड्रॉक्साइड उघडा पडतो आणि शेजारी पहिला जो कार्बन सापडेल त्याला धरतो. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या दारिओ डेकेल यांच्या गटाने हे मोजून दाखवलं: एका हायड्रॉक्साइडमागे पाण्याचे रेणू चारच्या खाली गेले की बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियम साध्या खोलीच्या तापमानालाही झपाट्याने तुटतो.

तुझ्या पट्टीचा हिशेब करून बघू. आयईसी २ मिलिमोल प्रति ग्रॅम धर. पट्टी ओली असताना वजनाच्या ६० टक्के पाणी शोषते असं धर. एक ग्रॅम कोरड्या पॉलिमरमागे ०.६ ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ३३ मिलिमोल. त्याला २ ने भाग, एका हायड्रॉक्साइडमागे १६ ते १७ रेणू. हे सुरक्षित आहे. ओव्हनमध्ये पाणी १४ टक्क्यांवर आलं की तोच आकडा ४ वर येतो आणि सकाळपर्यंत शून्याच्या जवळ. तुझ्या पट्ट्या पंधरा दिवसांत पाच वेळा या फेऱ्यातून गेल्या. केओएचच्या बाटलीत जेवढं नुकसान झालं असेल, त्यापेक्षा जास्त ओव्हनमध्ये झालं असावं असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतो, कारण बेन्झिल गट आणि पीपीओ ही जोडी ओली असतानाही ८० अंशाला काही फार मजबूत नाही. दोन्ही वेगळं करून बघायचा प्रयोग सोपा आहे. एकाच फिल्ममधून बारा पट्ट्या काप. चार पट्ट्या बाटलीतून बाहेर काढायच्याच नाहीत, थेट पंधराव्या दिवशी. चार पट्ट्या दर तीन दिवसांनी काढायच्या, पण सुकवायच्या नाहीत, ओल्याच मोजून परत टाकायच्या. चार पट्ट्या तुझ्या जुन्या पद्धतीने. पंधरा दिवसांत तुला उत्तर मिळेल आणि प्रोजेक्टचं एक चांगलं प्रकरणही होईल.

मग कोरडं वजन घ्यायचं कसं? क्लोराइड किंवा ब्रोमाइड रूपात. पट्टी आधी एक मोलर मिठाच्या पाण्यात चोवीस तास ठेव, दोनदा पाणी बदल, डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने मीठ पूर्ण जाईपर्यंत धू, मग खुशाल ६० अंशाला सुकव. क्लोराइड असा हल्ला करत नाही. बोअरचं पाणी धुण्याला वापरू नकोस, राकसकोप धरणाचं नळाचंही नको. कॅल्शियम-मॅग्नेशियम आत शिरलं की पुढे केओएचमध्ये कार्बोनेट-हायड्रॉक्साइडचा पांढरा थर बसतो आणि माणूस विनाकारण गोंधळतो.

आयईसी मोजायलाही क्लोराइड रूपच घे. सुकवलेली ०.२ ग्रॅम पट्टी सोडियम नायट्रेटच्या द्रावणात दिवसभर ठेवली की क्लोराइड बाहेर येतो. मग पोटॅशियम क्रोमेट टाकून सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन. आयईसी २ असेल तर ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट बरोबर ४० मिलिलिटर लागेल. शेवटचा बिंदू ओळखणं महत्त्वाचं: पिवळ्यात पहिली विटकरी झाक दिसली आणि हलवूनही गेली नाही, की थांब. खानापूरच्या कौलाचा रंग येईपर्यंत टाकत बसलीस तर दोन मिलिलिटर पुढे गेलेली असशील. ही आयईसी आधी आणि नंतर मोजलीस की किती गट गेले हे कंडक्टिव्हिटीपेक्षा स्वच्छ कळतं. त्याच्या जोडीला एनएमआर घे, म्हणजे रेणूत कुठे कोणते हायड्रोजन आहेत ते दाखवणारी चाचणी. नायट्रोजनवरच्या मिथाइलची खूण ३.१ पीपीएमच्या आसपास येते, ती सुगंधी हायड्रोजनांच्या तुलनेत किती घटली ते बघ. सॅम्पल पाठवतानाही हायड्रॉक्साइड रूपात पाठवू नकोस. वाटेतच ते बदललेलं असेल.

गाइड आयईसी वाढवायला सांगतात त्यामागचा विचार मला समजतो. गट जास्त, आयन जास्त, कंडक्टिव्हिटी जास्त. पण पीपीओमध्ये शंभरातल्या ३० कड्यांवर गट बसवले तर क्लोराइड रूपात आयईसी साधारण २.० येते, ४० वर बसवले तर २.५. या दहा कड्यांत पट्टी इतकं पाणी पिते की ८० अंशाला लांबीरुंदीने फुगून शेवयांच्या पिठासारखी लिबलिबीत होते. इलेक्ट्रोडला चिकटलेली पट्टी ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि कडेला भेग जाते. आगीतून फुफाट्यात.

त्याऐवजी जाडी बघ. ही गोष्ट फार कमी मुलं करून बघतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण गणित दोन ओळींचं आहे. तुझी पट्टी ५० मायक्रॉन, म्हणजे ०.००५ सेंटिमीटर. कंडक्टिव्हिटी ०.०७. भागलंस की रोध ०.०७१ ओहम चौरस सेंटिमीटर. एका चौरस सेंटिमीटरमागे एक अँपिअर नेला की ७१ मिलिव्होल्ट इथेच गेले. तीच पट्टी २५ मायक्रॉनची केलीस तर ३६. एवढाच फायदा आयईसी वाढवून मिळवायचा तर कंडक्टिव्हिटी १४० वर न्यावी लागेल आणि ते पीपीओमध्ये पट्टी शाबूत ठेवून होणार नाही.

पातळ पट्टीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. सुरुवातीला सांगितलेला पाण्याचा हिशेब आठव. २५ चौरस सेंटिमीटरचा सेल, चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर. ॲनोडवर तासाला जवळपास १७ ग्रॅम पाणी तयार होतं आणि कॅथोडवर साडेआठ ग्रॅम खर्च होतं. शिवाय हायड्रॉक्साइड ॲनोडकडे जाताना आपल्याबरोबर आणखी पाणी ओढून नेतो. म्हणजे एका बाजूला पूर आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ, मध्ये पंचवीस-पन्नास मायक्रॉनची भिंत. कॅथोडकडची बाजू कोरडी पडली की तिथले गट तुटतात, अगदी तुझ्या ओव्हनसारखेच. भिंत पातळ असली की ॲनोडचं पाणी मागे झिरपून कॅथोडला मिळतं. सरे विद्यापीठातले जॉन व्हार्को आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या गटांनी पॉलिएथिलीनच्या पातळ फिल्मवर किरणांनी कलम करून मेम्ब्रेन्स बनवली. त्यांवर गट तोच, तुझ्यावाला बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियम. तरीही पाण्याचा समतोल नीट सांभाळल्यावर ते सेल शेकडो तास चालले. ज्या गटाला सगळे कमकुवत म्हणून बाजूला सारतात, तो ओला ठेवला तर इतका साथ देतो.

पातळ म्हणजे फाटणार, हे खरं. त्यावर उपाय आधाराचा. सच्छिद्र पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा पॉलिएथिलीनची दहा-वीस मायक्रॉनची जाळी घ्यायची आणि तिच्या छिद्रांत आपला पॉलिमर भरायचा. लिथियम बॅटरीचा सेपरेटर असतो तसली पॉलिएथिलीनची फिल्म सुरुवातीला चालते. पीटीएफई पाण्याला आणि एनएमपीलाही धरत नाही, म्हणून ती आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून घे, मग द्रावण ओत. भरली की नाही हे मी असं बघतो: कोरडी जाळी दुधासारखी पांढरी असते. भरून, सुकवून झाल्यावर ती छापील कागदावर ठेवायची. बारीक अक्षरं स्वच्छ वाचता आली तर छिद्रं भरली. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे आणि तिथूनच उद्या हायड्रोजन पलीकडे जाईल. तो तुकडा टाकून द्यायचा, मन घट्ट करून.

फुगणं आवरायचा आणखी एक मार्ग म्हणजे क्रॉसलिंकिंग. ब्रोमिन बसलेल्या जागांपैकी पाच-दहा टक्के जागा दोन टोकांना अमाइन असलेल्या रेणूने जोडायच्या. टेट्रामिथाइल हेक्झेनडायअमाइन त्यासाठी चांगलं, कारण जोड बसतानाच दोन्ही टोकांना धन आयनही तयार होतो. यापेक्षा जास्त जोडलंस तर पट्टी कौलासारखी कडक होते. प्रमाण वाढवत वाढवत बघ.

कास्टिंगबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या फोटोत पट्टीच्या एका कडेला धुरकट पट्टा दिसला, म्हणून सांगतो. तू फिल्म जुलैत टाकलीस. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी असतं, खानापूरकडे तर भिंतींनाही पाझर फुटतात. एनएमपी आणि डीएमएसओ ही दोन्ही द्रावकं हवेतलं पाणी ओढतात. पाणी द्रावणात शिरलं की पॉलिमर वेळेआधीच बाहेर पडतो आणि फिल्म ताकासारखी पांढरी होते. आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि ती तिथेच तुटते. उद्यमबागेत माझी जागा एका शेडच्या माळ्यावर आहे, खाली दिवसभर लेथ चालतात. पहिल्या पावसाळ्यात माझ्या वीसपैकी सतरा फिल्म्स वाया गेल्या. आता पावसाळ्यात मी उघड्यावर फिल्म टाकतच नाही. काच आधी ओव्हनमध्ये ८० अंशाला गरम करतो, गवंड्याच्या लेव्हलने ओव्हनची जाळी सपाट करून घेतो, द्रावण दोनतारी पाकाइतकं दाट ठेवतो, काचेवर पसरलं की लगेच ओव्हनमध्ये आणि वर झाकण, त्याला वाफ जायला एक बारीक फट. कडेला सिलिका जेलची वाटी. दहा टक्क्यांचं द्रावण अर्धा मिलिमीटर जाड ओढलं की सुकून साधारण ५० मायक्रॉन उरतं. खाली लेथ जोरात चालू असेल तर द्रावणावर लाटा उठतात, म्हणून मी हे काम रविवारीच करतो. तुझ्या कॉलेजला ती अडचण नसावी.

केओएचच्या चाचणीत तू काचेच्या बाटल्या वापरतेस. बदल. ८० अंशाचं केओएच काच खातं. आठवड्याभरात बाटली आतून धुरकट होते आणि सिलिकेट तुझ्या पट्टीत शिरतं. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पीटीएफईच्या बाटल्या घे. ॲल्युमिनियमचं तर नावही नको. आपल्या गावात हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढतात ते गरम कॉस्टिकनेच, तिथल्या कामगाराला विचार, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर काय होतं. गॉगल घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, घाई असली तरी. आणि लाइट जाते तेव्हा ऑइल बाथ थंड होतो. ५०० तासांची चाचणी म्हणजे एकवीस दिवस, त्यात वीज किती तास गेली ते वहीत लिही आणि तेवढे तास वजा कर. कॅलेंडर बघून "एकवीस दिवस" लिहू नकोस.

कंडक्टिव्हिटीच्या आकड्याबद्दलही थोडी शंका आहे. हायड्रॉक्साइड रूपातली पट्टी उघड्या हवेत काढलीस की काही मिनिटांतच ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बायकार्बोनेट होऊ लागते. पाण्यात हायड्रॉक्साइडची धाव, म्हणजे वीज वाहून न्यायची क्षमता, १९८ धरली तर बायकार्बोनेटची ४४.५ आहे, सव्वाचार-साडेचार पट कमी. म्हणजे पट्टी निम्मी मरायच्या आधीच निम्मा आकडा हवेनं खाल्लेला असू शकतो आणि तो तू पॉलिमरच्या नावावर लावशील. पाणी उकळून, त्यात नायट्रोजन सोडून थंड कर, मोजण्याची पेटीही नायट्रोजनखाली ठेव. केओएचची बाटली जुनी असेल तर पुढच्या कामासाठी नवीन उघड. तेही जमत नसेल तर सगळ्या पट्ट्या मुद्दाम क्लोराइड रूपात मोज. आकडे कमी येतील, पण एकमेकांशी खरी तुलना करता येईल. थिसिसमध्ये रूप कोणतं ते प्रत्येक आकड्यासमोर लिही. हे न लिहिलेले आकडे कोणाच्याही कामाचे नसतात.

आता पॉलिमर बदलायचा का? दोन ठिकाणी कमजोरी आहे, गटात आणि कण्यात, म्हणजे पॉलिमरच्या मुख्य साखळीत. गटाबद्दल श्टुटगार्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या मरिनो आणि क्रॉयर यांनी २०१५ मध्ये फार उपयोगी काम केलं. त्यांनी लहान मॉडेल रेणू सहा मोलर कॉस्टिक सोड्यात १६० अंशाला ठेवले. बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियम निम्मा व्हायला सुमारे ४ तास लागले, डायमिथाइल पिपरिडिनियमला सुमारे ८७ आणि दोन कड्या जोडलेल्या स्पायरो रेणूला ११०. पिपरिडिनियमच्या कड्यात बीटा हायड्रोजन (नायट्रोजनपासून दुसऱ्या कार्बनवरचे) आहेत, म्हणजे हॉफमन पद्धतीने तो पटकन तुटायला हवा असं पुस्तकावरून वाटतं. पण कडं ताठ असल्यामुळे तुटायला लागणारा कोन त्याला सहजी घेता येत नाही. मात्र हाच गट पॉलिमरला बांधला की मॉडेल रेणूइतका टिकेलच असं नाही, कारण पॉलिमरची साखळी त्या कड्याला ओढून धरते आणि आजूबाजूचं पाणीही वेगळं असतं.

कण्याचं म्हणशील तर तुझ्या पीपीओत इथर बंध आहेत. साधा पीपीओ अल्कलीत वर्षानुवर्षं बसेल, त्याला काही होत नाही. धन आयन बसवला की शेजारचा इथर बंध हल्ल्याला उघडा पडतो. पॉलिसल्फोनमध्ये हे २०१३ मध्ये आर्जेस आणि विजय रमाणी यांनी द्विमितीय एनएमआरने दाखवून दिलं: आयन बसवल्यामुळेच कणा तुटू लागतो. तुझी पट्टी कडकन मोडली ती यामुळे. गट गेले तर कंडक्टिव्हिटी जाते, पण मोडणं म्हणजे साखळी तुटणं. म्हणून जगभर लोक इथर नसलेल्या कण्याकडे वळले. अमेरिकेत डेलावेअरमधल्या युशान यान यांच्या गटाने २०१९ मध्ये पॉलिॲरिल पिपरिडिनियम मेम्ब्रेन दाखवलं आणि कार्बन डायऑक्साइड काढलेल्या हवेवर ९५ अंशाला सेल सुमारे ३०० तास चालवला. कणा पूर्ण कार्बनचा, गट पिपरिडिनियमचा.

ते तुला करता येईल. टरफिनाइल किंवा बायफिनाइल आणि एन-मिथाइल पिपरिडोन, ट्रायफ्लिक ॲसिडच्या जोरावर, शून्य अंशाला. द्रावण काही तासांत काकवीसारखं होतं आणि चुंबकाची गोळी फिरायची थांबते. ती थांबली नाही तर साखळी आखूड राहिली, फिल्म ठिसूळच येणार, पुढे जाऊ नकोस. पण ट्रायफ्लिक ॲसिड अतिशय जहाल आहे, हवेतलं पाणी घेऊन धुमसतं, आणि नंतर मिथाइल आयोडाइड लागतं, ते विषारी. तुमच्या डिपार्टमेंटचा फ्युम हूड खरोखर ओढतो का, ते आधी उदबत्ती लावून बघ. धूर सरळ आत गेला तर ठीक. बाहेर रेंगाळला तर हे काम तिथे करायचं नाही, मी सांगतो म्हणून. आणि कोणत्याही जुन्या पेपरातलं क्लोरोमिथाइल मिथाइल इथर वापरायचं नाही. कॅन्सर करणारा पदार्थ आहे तो, त्याला पर्याय आहेत.

पीपीओवरच राहायचं असेल तर नायट्रोजन कड्यापासून लांब ने, मध्ये सहा कार्बनची शेपूट ठेव. बेन्झिल कार्बनवरचा हल्ला त्यामुळे टळतो आणि कण्यावरचा ताणही थोडा सैल होतो. एम.एस्सी.च्या वेळेत हे बसेल, पॉलिॲरिल पिपरिडिनियम बहुधा पीएच.डी.साठी.

आणखी एक विचार तुझ्या मनात घालून ठेवतो. केंद्राने ४ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवून. हायड्रोजन बनवायच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हेच मेम्ब्रेन लागतं आणि तिथे ते सतत पाण्यात किंवा सौम्य केओएचमध्ये बुडालेलं असतं. कॅथोड कोरडा पडायचं संकट तिथे फ्युएल सेलपेक्षा खूप कमी. तुझं मेम्ब्रेन फ्युएल सेलमध्ये आज शंभर तास टिकणार नाही, पण इलेक्ट्रोलायझरमध्ये कदाचित हजार टिकेल. लहान लॅबला पहिलं यश तिथे लवकर मिळेल. मेम्ब्रेनचं काम आपल्या भागाला नवीन नाही, धारवाडला कर्नाटक विद्यापीठात तेजराज अमिनाभावी यांनी पॉलिमर मेम्ब्रेनवर मोठं काम केलंय. आपल्या भागातल्या मुलांना मुंबई-बंगळूरला गेल्याशिवाय हे करता येणार नाही असं मला कधीच वाटलं नाही.

त्या बारा पट्ट्यांचा प्रयोग आजच सुरू कर. पंधरा दिवसांनी जो रविवार येईल, त्या दिवशी उद्यमबागेत ये की, सकाळी दहानंतर मी असतोच. उरलेल्या जुन्या पट्ट्याही आण, मोडल्या असल्या तरी. येताना सगळ्या क्लोराइड रूपात करून, डीआय पाण्याने भिजवलेल्या फिल्टर पेपरात एकेक गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून आण आणि प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर टाक, शाई पाण्यात पसरते. हायड्रॉक्साइड आपण इथेच नायट्रोजनखाली करू आणि लगेच मोजू.